स्वस्तातला प्रोजेक्टर घेतलाय, तो चांगला की वाईट हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेआठ हजारांचा प्रोजेक्टर मागवला, खोक्यावर ९००० लुमेन (मशीनमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश), फोर-के सपोर्ट, १०,०००:१ कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) असं सगळं छापलंय, खोली दहा बाय बारा, भिंत क्रीम कलरची, शंभर इंचाचं चित्र लावलं तर सगळं फिकट फिकट दिसतंय, आणि परत करायला अजून पाच दिवस हातात आहेत. मशीन खराब आहे का आपलं काही चुकतंय, हे कसं कळणार?

मी घरगुती थिएटर बसवायचं आणि सेटिंग करून द्यायचं काम करतो, पुण्यात आणि आजूबाजूला, त्यामुळे असे प्रोजेक्टर कायम हाताखालून जातात. पाच दिवस भरपूर झाले, दोन संध्याकाळींत सगळं तपासून होतं. पण खोक्यावर काय छापलंय ते आधी पूर्ण विसरा. भिंतीवर एका चौरस मीटरला किती प्रकाश पडतोय आणि काळा किती काळा दिसतोय, या दोन गोष्टींवर ऐंशी टक्के निकाल लागतो, बाकीचं सगळं त्यानंतर.

सुरुवात प्रोजेक्टर न लावताच करा. अडॅप्टर हातात घ्या आणि त्याच्यामागचं बारीक अक्षरातलं वाचा, आउटपुट म्हणून १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असं काहीतरी असेल, त्याचा गुणाकार केला की ६५ वॅट. आता यातले दहा-पंधरा वॅट पंखा, बोर्ड, स्पीकर, वायफाय यात जाणार, एलईडीला राहिले पन्नास. चांगली एलईडी एका वॅटला साधारण शंभर लुमेन देते, म्हणजे दिव्याजवळच पाच हजार लुमेन. तो प्रकाश मग एका छोट्या एलसीडी पॅनेलमधून जातो, तिथला पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारा पातळ थर) अर्ध्याहून जास्त प्रकाश खातो, लाल-हिरवे-निळे फिल्टर उरलेल्यातला दोन तृतीयांश खातात, मग भिंगं आहेत, आरसा आहे, हे सगळं जाऊन बाहेर पडतो तो जेमतेम चार-पाच टक्के. म्हणजे दोनशे-अडीचशे लुमेन, ते पण सगळं चांगल्या दर्जाचं असेल तर. खोक्यावरचे ९००० तर दिव्याजवळसुद्धा बसत नाहीत! त्यामुळे ‘एलईडी लुमेन’, ‘लाइट सोर्स लुमेन’ किंवा नुसतंच ‘लुमेन’ लिहिलं असेल तर त्या आकड्याचा तुमच्या भिंतीशी काही संबंध नाही. अँसी लुमेन (अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीने मोजलेले) किंवा आयएसओ २१११८ (त्याचंच आंतरराष्ट्रीय मानक) असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो आकडा मोजमापाचा, आणि तोही स्वतः मोजून बघायचा कारण ‘अँसी’ हा शब्द खोक्यावर छापायला कोणी अडवत नाही.

मोजायचं कसं, तर पद्धत सोपी आहे. अमेरिकेत १९९२ साली अँसीचं हे स्टँडर्ड आलं, त्यात पूर्ण पांढरं चित्र लावून त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ सारखे चौकोन धरायचे, प्रत्येकाच्या मध्यभागी लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) मोजायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं, तेही चौरस मीटरमध्ये. आता यातली माझी रोजची युक्ती सांगतो. चित्र ६० इंचाचं करा, म्हणजे रुंदी १३३ सेंटिमीटर आणि उंची ७५ सेंटिमीटर, याचं क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर येतं. म्हणजे गुणाकाराची भानगडच नाही, नऊ ठिकाणची लक्सची सरासरी म्हणजेच लुमेन. टेप घेऊन भिंतीवर पेन्सिलने खुणा करा, प्रोजेक्टर पुढे-मागे करून त्यात बसवा, कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारं सेटिंग) शून्य आणि झूम शंभर टक्के ठेवा, दिवे बंद, पडदे बंद, मशीन पंधरा-वीस मिनिटं तापू द्या आणि मग मोजा. मीटरचा सेन्सर भिंतीला टेकवायचा, तोंड प्रोजेक्टरकडे, आणि आपण स्वतः बाजूला उभं राहायचं म्हणजे सावली पडत नाही.

लक्स मीटर नसेल तर मोबाइलवरची अ‍ॅप्स आहेत, पण एक लक्षात ठेवा, अँड्रॉइड फोनचा लाइट सेन्सर पुढच्या बाजूला वर असतो आणि दोन वेगळ्या फोनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे फोनवरचा आकडा लुमेन म्हणून धरू नका. तुलना करायला मात्र तो एकदम ठीक आहे, मध्यभाग आणि कोपरा, आत्ता आणि दोन तासांनी, हा मोड आणि तो मोड. साधा मीटर फार महाग येत नाही आणि कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये किंवा फोटोग्राफीवाल्या मित्राकडे सहज मिळून जातो, एका संध्याकाळपुरता मागून आणा.

समजा सरासरी आली २२०. या किमतीत हा आकडा मी चांगलाच म्हणेन. आता हेच २२० लुमेन वेगवेगळ्या साइजवर पसरवून बघा. ६० इंचावर साधारण २२० लक्स, ८० इंचावर १२५, १०० इंचावर ८० आणि १२० इंचावर फक्त ५५. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावरून डोळ्यापर्यंत किती येतं ते काढायला लक्सला ३.१४ने भागायचं, उत्तर निट्समध्ये, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणाच्या मापात. म्हणजे ८० इंचावर ४० निट्स आणि १०० इंचावर २५. सिनेमा हॉलचं स्टँडर्ड आहे ४८ निट्स, तेही पूर्ण अंधारात. तुम्ही शंभर इंच लावून फिकट दिसतंय म्हणताय ना, ते बहुतेक इथेच आहे, हॉलच्या निम्मा उजेड आणि वर क्रीम भिंत, जी थोडा प्रकाश खाते आणि पांढऱ्याला पिवळट करते. मशीनला दोष द्यायच्या आधी चित्र ७५-८० इंचावर आणा आणि परत बघा. लोकांना इंच कमी करायला जिवावर येतं हे मला माहितीय, खोक्यावर २०० इंच लिहिलेलं असतं, पण ८० इंचाचं भरीव चित्र शंभर इंचाच्या धुरकट चित्रापेक्षा बघायला कितीतरी सुखाचं असतं आणि हे मी गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवतो तेव्हा वाद होत नाही.

आता काळा रंग, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण याच्याकडे कोणी बघतच नाही. प्रोजेक्टर काळा रंग ‘टाकू’ शकत नाही, तो फक्त प्रकाश अडवतो, त्यामुळे चित्रातला काळा म्हणजे तुमची भिंत त्या क्षणी जेवढी काळी असेल तेवढा. खोलीतली ट्यूब चालू आहे आणि भिंतीवर तिचा ६० लक्स पडतोय असं धरा. ८० इंचावर प्रोजेक्टरचे १२५, तर पांढरा झाला १८५ आणि काळा झाला ६०, म्हणजे कॉन्ट्रास्ट झाला तीनास एक! कुठे ते दहा हजार आणि कुठे हे तीन. ट्यूब बंद केली पण खिडकीच्या फटीतून दोन लक्स येतायत, तरी कॉन्ट्रास्ट साठास एकच्या आसपासच अडकतो. म्हणून प्रोजेक्टरवर आणखी पाच हजार घालण्यापेक्षा खिडकीच्या पडद्याला आतून काळं अस्तर लावून घेतलं तर फरक जास्त पडतो, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी लोक आधी प्रोजेक्टर बदलतात. मेन रोडला खिडकी असेल तर बाहेरचा स्ट्रीटलाइट रात्री सुद्धा त्रास देतो, तेवढं बघून घ्या.

मशीनचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट तपासायचा असेल तर चित्र मुद्दाम लहान करा, तीसेक इंच, म्हणजे लक्स भरपूर मिळतात आणि स्वस्त मीटर काळ्याच्या आकड्यावर आंधळा होत नाही. पूर्ण पांढऱ्या चित्राचा मध्यभागी लक्स घ्या, मग पूर्ण काळं चित्र लावून त्याच जागी घ्या, भागाकार करा. ८०० आणि १ आले तर ८००:१, आणि या किमतीत काहीशे ते हजाराच्या आसपास काहीही आलं तरी तक्रार करण्यासारखं नाही. दोनशेच्या खाली आलं तर रात्रीचे सीन राखाडी चिखल दिसणार, ते मशीन ठेवू नका. एक सावधगिरी, काही मशीन पूर्ण काळं चित्र आलं की एलईडीच मंद करतात आणि आकडा फुगतो, म्हणून काळ्या चित्राच्या एका कोपऱ्यात छोटा पांढरा चौकोन ठेवून मधलं मोजा, खरं काय ते कळतं.

मोजताना मोड कुठला आहे तेही बघा. ‘व्हिविड’ किंवा ‘ब्राइट’मध्ये आकडा मोठा येतो पण पांढरा निळसर किंवा हिरवट होतो आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ज्या मोडमध्ये तुम्ही खरोखर सिनेमा बघणार त्याच मोडमध्ये मोजा, तिथे प्रकाश पाव ते अर्धा कमी झालेला असतो आणि तोच तुमचा खरा आकडा. रंगांसाठी अजून एक सोपी तपासणी आहे, पूर्ण लाल, पूर्ण हिरवा आणि पूर्ण निळा असं एकेक लावून लक्स घ्या आणि तिघांची बेरीज पांढऱ्याशी ताडून बघा. तुमच्यासारख्या सिंगल एलसीडी मशीनमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे येतात. रंगीत चकती फिरणाऱ्या काही डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये, विशेषतः ऑफिसच्या, बेरीज पांढऱ्यापेक्षा बरीच कमी येते कारण चकतीत एक नुसता पांढरा तुकडा असतो, प्रेझेंटेशनला तो चालतो पण लग्नाच्या व्हिडिओतल्या पैठणीचा रंग मारला जातो.

आता रिझोल्यूशन. ‘फोर-के सपोर्ट’चा अर्थ एवढाच की फोर-के सिग्नल दिला तर तो मशीन आत घेतं आणि आपल्या पॅनेलएवढा बारीक करून दाखवतं. पॅनेल १९२० गुणिले १०८० आहे का १२८० गुणिले ७२० आहे हे महत्त्वाचं, आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये १९२० दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते नुसतं काय सिग्नल जातोय ते सांगतं. खरी तपासणी अशी: लॅपटॉपवर पेंटमध्ये १९२० गुणिले १०८० साइजचं चित्र करा, एक पिक्सेल काळी एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघा, ते शंभर टक्के साइजला फुलस्क्रीन लावा, विंडोजचं स्केलिंग पण शंभरावर, प्रोजेक्टरचं कीस्टोन शून्य. मग भिंतीजवळ जाऊन बघा. प्रत्येक रेघ सुटी दिसली तर पॅनेल खरं १०८०पी. राखाडी पट्टे, लाटा असं काही दिसलं तर ते ७२०पी किंवा त्याहून खाली आहे, आणि खोक्यावर ‘नेटिव्ह १०८०पी’ छापलं असेल तर परत करायला एवढा एक फोटो पुरे.

पण याचा बाऊ पण करू नका. ८० इंचाच्या चित्रात १०८०पीचा एक पिक्सेल एक मिलिमीटरपेक्षा थोडा लहान असतो आणि चांगल्या नजरेच्या माणसाला तो साधारण तीन मीटरपर्यंत सुटा दिसू शकतो, त्यापलीकडे नाही. तुमच्या खोलीत तुम्ही दहा फुटांवर बसणार, म्हणजे १०८०पी एकदम नेमकं आहे, आणि ७२०पी असतं तर सबटायटल आणि क्रिकेटच्या स्कोअरकार्डात फरक कळला असता, चेहऱ्यात फारसा नाही. अंधुक १०८०पी आणि उजळ ७२०पी असे दोन समोर ठेवले तर मी दुसरा घेईन.

फोकस बघताना नुसता मध्यभाग बघू नका. चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरं येतील असं काहीतरी लावा, एक्सेलची शीट उत्तम. स्वस्त भिंगात मध्ये धारदार आणि कडेला पुसट असतंच, फोकस मध्यभागापेक्षा किंचित बाहेरच्या बाजूला धरून लावला तर सगळीकडे बरं दिसतं. एकच कोपरा किंवा एकच बाजू खराब असेल आणि प्रोजेक्टर भिंतीला अगदी सरळ असूनही ती सुधारत नसेल तर भिंग किंवा पॅनेल वाकडं बसलंय, ते तुमच्याने ठीक होणार नाही, बदलून घ्या. आणि फोकस मशीन गार असताना लावू नका, तापल्यावर तो सरकतो, अर्ध्या तासाने परत लावा. याच वेळी नऊ ठिकाणचे लक्स परत काढून बघा, कोपरे मध्यभागाच्या निम्म्याहून कमी असतील तर चित्र डोळ्याला बोगद्यासारखं वाटतं.

ऑटो कीस्टोन ही सगळ्यात जास्त चित्र बिघडवणारी सोय आहे. तिरक्या जागेवर ठेवून बटण दाबलं की चौकोन छान होतो, पण तो पॅनेलचे कडेचे पिक्सेल काळे करून होतो, म्हणजे रिझोल्यूशन पण गेलं आणि प्रकाश पण, आणि ‘काळे’ केलेल्या भागाचा राखाडी पट्टा भिंतीवर दिसत राहतो तो वेगळाच. स्टूल, कपाट, भिंतीवरची फळी, काहीही करा पण मशीन भिंतीला काटकोनात येऊ द्या. ८० इंचासाठी बहुतेकांना सात-साडेसात फूट लागतात, शंभरला साडेनऊच्या आसपास, आणि मागे हवा बाहेर पडायला अर्धा फूट तरी हवा. म्हणजे तुमच्या खोलीत दहा फुटाच्या बाजूने शंभर इंच तसंही ओढून-ताणूनच बसणार होतं.

हलतं चित्र तपासायला सिनेमा नको, मराठी न्यूज चॅनेल लावा. खालून पळणारी पट्टी हे फुकटातलं सगळ्यात चांगलं टेस्ट पॅटर्न आहे. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झवर चालतं आणि हे प्रोजेक्टर बरेचदा सगळं ६० वरच दाखवतात, मग दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा येते आणि पट्टी सेकंदाला दहा झटके खात जाते. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे फिरतो तेव्हा हेच झटके दिसतात. सेटटॉप बॉक्स एचडीएमआयने जोडून बघा, पट्टी गुळगुळीत पळाली तर मशीन ५० हर्ट्झ नीट घेतंय. आयपीएलसाठी घेणाऱ्यांनी हे तपासल्याशिवाय ठेवूच नये.

आतल्या अ‍ॅप्सबद्दल फार लिहीत नाही. साध्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या या मशीनना बहुतेक वेळा नेटफ्लिक्सची मान्यता नसते आणि वाइडवाइन एल-वन (एचडी व्हिडिओसाठी लागणारी कॉपी-संरक्षणाची वरची पातळी) पण नसतं, त्यामुळे अ‍ॅप चाललं तरी चित्र ४८० रेषांच्या आसपास येतं आणि माणूस प्रोजेक्टरला नावं ठेवतो. कुठल्या तरी ओळखीच्या कंपनीची स्टिक एचडीएमआयला लावा आणि आतलं वायफाय बंदच ठेवा. हे मी सुरक्षिततेसाठी पण सांगतोय, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या मालवेअरबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात स्वस्त स्ट्रीमिंग बॉक्सबरोबर डिजिटल प्रोजेक्टरचाही उल्लेख होता, काही मशीन फॅक्टरीतूनच हे घेऊन येतात. स्वतःचा बँकेशी जोडलेला गुगल आयडी त्यात टाकायची काही गरज नाही.

आवाज कानानेच कळतो, बसायच्या जागेवरून शांत संवादाचा सीन लावा, पंखा संवादावर चढत असेल तर तो पुढे धुळीने अजून वाढणार आहे. आतला स्पीकर कामचलाऊ समजा, बाहेरचा स्पीकर वायरनेच जोडा, ब्लूटूथवर ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

दुसऱ्या संध्याकाळी सलग दोन-अडीच तास चालवा, एक आख्खा हिंदी सिनेमा. सुरुवातीचा मध्यभागाचा लक्स लिहून ठेवा आणि शेवटचा घ्या, दहा टक्के पडला तर चालतं, पंचवीस-तीस टक्के पडला तर आतलं कूलिंग कमी पडतंय आणि मशीन स्वतःला वाचवायला एलईडी मंद करतंय. पांढऱ्या चित्रात मध्ये पिवळट ढग दिसायला लागला तर पॅनेलजवळचा पोलरायझर उष्णतेने जायला लागलाय, नव्या मशीनमध्ये हे अजिबात खपवून घेऊ नका. बऱ्याच प्रोजेक्टरना ३५ डिग्रीपर्यंतचीच खोली चालते, त्यामुळे नागपूर-अकोल्याकडच्यांनी मे महिन्यात कूलर किंवा एसी असल्याशिवाय दुपारी लावूच नये. त्यानंतर काळं चित्र लावून धूळ बघा, पुसट गोल डाग दिसले तर ते पॅनेलवर बसलेत, भिंगावर नाही, पुसून जात नाहीत. आपल्याकडे जिथे तिथे बांधकामं चालू असतात, त्यामुळे सीलबंद ऑप्टिकल इंजिन (धूळ जाऊ नये म्हणून पॅनेल आणि भिंगं बंद डब्यात) आहे का नाही याला मी खूप महत्त्व देतो.

कोणी म्हणेल एवढ्या पैशात ऑफिसमधून निघालेला ३००० लुमेनचा जुना लॅम्पवाला घ्या. उजेड खरंच भरपूर मिळतो, मंडळाला मांडवात मॅच दाखवायला मी तोच सुचवतो, पण पॅनेल बहुतेक १०२४ गुणिले ७६८चं, त्यात सिनेमाला उरतात १०२४ गुणिले ५७६, पंखा मोठा, आणि मेनूत लॅम्पचे तास बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दिवसा उजेडात हॉलमध्ये सीरियल बघायच्या असतील तर यातलं काहीच नको, तेवढ्याच पैशात छोटा टीव्ही घ्या, साधा टीव्ही पण दोनशेच्या वर निट्स देतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज रात्री ६० इंचावर नऊ ठिकाणी मोजा. १५० लुमेनच्या खाली आलं तर पुढचं काही तपासत बसू नका, आजच रिटर्न टाका. १५० ते २५० आलं तर चित्र ८० इंचावर आणा, भिंतीच्या तेवढ्या भागाला मॅट पांढरा रंग मारा किंवा साधी मॅट व्हाइट स्क्रीन घ्या (चकचकीत पर्ल फिनिश नको, मध्ये उजेडाचा गोळा दिसतो), खिडकी झाका, आणि उद्या रेघांची आणि अडीच तासांची टेस्ट करा. रेघांचा फोटो, लक्स मीटरचा फोटो आणि खोक्यावरच्या ९००० लुमेनचा फोटो असे तिन्ही काढून ठेवा, विक्रेता ‘प्रॉडक्ट ओके आहे’ म्हणून रिटर्न नाकारायला लागला तर कस्टमर केअरला तेच पाठवायचे, आणि खोका, थर्माकोल, सगळ्या वायरी पाचवा दिवस जाईपर्यंत अजिबात फेकू नका.